दाढ काढू नकोस

शेणवा,
४ डिसेंबर २०२४

चि. गोजर हिला आशीर्वाद.

हिरीच्या वर्षश्राद्धाला तुम्ही सगळे आलात, दोन दिवस राहिलात. घरात माणसं असल्यासारखं वाटलं. मावशीने केसांना तेल लावून दिलं हे मनस्वीने मला दोनदा सांगितलं.

तुझ्याशी एक गोष्ट बोलायची होती. एवढ्या लोकांत ते जमलं नाही. परवा फोन केला तर तो तुझ्या नवऱ्याच्या खिशात. धर्मा जीप चालवत होता, मागे पॅसेंजर होते, स्पीकर चालू होता. मी भात झोडून झाला का एवढं विचारून फोन ठेवला. म्हणून पत्र लिहितो.

गोष्ट वर्षभर मनात आहे. वर्ष होईपर्यंत बोलणं बरं वाटलं नाही, पण आता उशीर करणं योग्य नाही. तू हिरीची सख्खी बहीण, म्हणून आधी तुलाच विचारायला हवं. एक दिवस एकटी येऊन जाशील का? धर्माला तूर्त सांगू नकोस, उगाच गवगवा होईल.

तुझी सून काजल आणि तिचं बाळ बरं असेल.

तुझा,
चंदर

*

टोकावडे,
१० डिसेंबर

भावोजींना गोजर पाया पडते.

तुमचं पत्र ढाब्यावर आलं. शेठने ते उजेडात धरून आत काय दिसतंय का बघितलं, मग दिलं. मी सातवी शिकलेय, मलाच वाचता येतं म्हणून सांगितलं. तुमी शाळेत क्लार्क आहात म्हणून पत्र पण रजेच्या अर्जासारखं लिवता, पण मी ओळखलं. वर्ष झालं, बोलायला लाज वाटते, उशीर नको, बहिणीला आधी विचारायला पायजे, गवगवा नको. अहो, सरळ सांगा ना की लग्न करायचंय.

मला राग नाय. खरंच नाय. तुमी छप्पन्न वर्षांचे. मनस्वी उद्या सासरी जाईल, मग तुमाला चहा कोण देणार? हिरीताईने स्वतःच शोधून दिली असती. आता ती नाय तर मी शोधली.

सकुबाई. ढाब्यावर मी भाकऱ्या थापते, ती भाजते. पंचेचाळीसची आहे, नवरा जाऊन सात वर्षं झाली, मूलबाळ नाय, दोन म्हशी. जीभ तिखट आहे. पण तुमी बोलतच नाय, म्हणजे भांडण व्हायचं कसं? माझी एकच अट. हिरीताईचा फोटो भिंतीवरून उतरायचा नाय.

एकटी यायला आता जमणार नाय. थंडीत माळशेजला जाणारी माणसं वाढलीत, दिवसाला ऐंशी भाकऱ्या होतात. त्यात माझी डावी दाढ. थापायला बसलं की जबडा दुखतो, खांद्यापर्यंत कळ जाते, जरा टेकलं की थांबतं. संक्रांत झाली की मुरबाडला जाऊन काढून टाकते. हिरीताईची पण त्याच बाजूची काढली होती ना? आमच्या घराण्याच्या दाढाच कच्च्या.

सकुबाईला कधी बघायला येता ते कळवा. निळा शर्ट घाला.

तुमची मेहुणी,
गोजर

*

शेणवा,
१४ डिसेंबर

चि. गोजर,

तुझं पत्र वाचून मी अंगणात जाऊन उभा राहिलो आणि परत येऊन पुन्हा वाचलं. मला लग्न करायचं नाही. सकुबाईंना तू अजून काही बोलली नसशील अशी आशा आहे. चूक माझी. मी नीट लिहिलं नव्हतं, आता नीट लिहितो.

हिरी गेली त्या दिवशी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. त्यांनी विचारलं, ‘यांना बहिणी आहेत? मुलगी आहे?’ मी हो म्हणालो. ते म्हणाले, ‘मग त्यांना तपासून घ्या. बाईला इतक्या लवकर हृदयविकार झाला तर बहिणींना आणि मुलींना धोका जास्त असतो. वेळेवर कळलं तर पुढचं टाळता येतं.’ मी मान हलवली. त्यानंतर वर्षभर मी तुला हे सांगितलं नाही. तुला घाबरवायचं नव्हतं, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे ते शब्द मला तोंडातून काढायचे नव्हते.

तर तू बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी करून घे. मुरबाडला सगळं होतं. मशेरी बंद कर. सकाळी दात घासायला, दुपारी जेवल्यावर आणि संध्याकाळी अशी तू तीनदा लावतेस, मला माहीत आहे. तीसुद्धा तंबाखूच आहे.

आणि गोजर, दाढ काढू नकोस. कारण भेटल्यावर सांगेन. पण काढू नकोस.

चंदर

*

टोकावडे,
२१ डिसेंबर

भावोजी,

आधी वाईट बातमी. तुमचं पत्र यायच्या आधीच मी सकुबाईला विचारून बसले होते. तिने चार दिवस विचार केला आणि नकार दिला. म्हणते, ‘माणूस चांगला आहे गो, पण शेणव्याला माझ्या म्हशींना चारा कोण घालणार? त्याचं तर शाळेत लक्ष.’ म्हणजे तुमी मागणी न घालताच तुमाला नकार आलाय. मनाला लावून घेऊ नका. काजल ऐकून इतकी हसली की बाळ जागं झालं.

आता तपासणीचं. मी लिवणार होते की दिवसाला ऐंशी भाकऱ्या थापणाऱ्या बाईचं हृदय कसलं बिघडतंय, ते खुर्चीत बसणाऱ्यांचं बिघडतं. मग हिरीताई आठवली. ती कुठं बसली होती? भात लावायची, लाकडं आणायची, चार गडी जेवले की उरलंसुरलं खायची. मग नाय लिवलं.

तुमच्या शब्दाला मान म्हणून उपकेंद्रात बीपी मोजून झालं. चिठ्ठी सोबत ठेवलीय, आता तरी घोर लावून घेऊ नका. तिथल्या ताईने दोन दिवसांनी परत यायला सांगितलंय, पण त्या सगळ्यांनाच तसं सांगतात. बाकीचं संक्रांतीनंतर, दाढ काढायला जाईन तेव्हाच.

मशेरीचं मात्र बोलू नका. ती लावली नाय तर सकाळ झालीय हेच मला पटत नाय.

गोजर

*

शेणवा,
२६ डिसेंबर

चि. गोजर,

तू चिठ्ठी वाचलीस का? तिच्यावर तुझं नाव आहे, वय सत्तेचाळीस आहे आणि बीपी १५८ खाली १०० आहे. हे चांगलं नाही. मनस्वीलाही दाखवली. तीसुद्धा म्हणाली, बाबा, मावशीला आत्ताच न्यायला हवं.

भेटल्यावर सांगणार होतो ते आता लिहितो.

हिरीचाही जबडा दुखायचा. पाणी भरताना, शाळेसमोरचा चढ चढताना दुखायचा आणि बसली की थांबायचा. दाढेला थोडी कीड होती. मीच तिला शहापूरला दाताच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांचा दोष नाही, दाढ दुखते एवढंच आम्ही सांगितलं होतं. चालताना दुखते आणि बसल्यावर थांबते हे सांगायचं आमच्या डोक्यात आलं नाही. दाढ काढली. येताना ती गालावर हात ठेवून हसत होती, आता सुटले म्हणाली. आठ दिवसांनी तिला घाम फुटला, उलटी झाली, पाठीत दुखायला लागलं. छातीत दुखत नव्हतं. पित्त झालं म्हणून मी लिंबू पिळून दिलं. लिंबू पिळत बसलो त्यात पाऊण तास गेला.

हे मी मनस्वीलाही सांगितलेलं नव्हतं. आज सांगितलं.

सोमवारी, सहा जानेवारीला मी टोकावड्याला येतो. आपण मुरबाडला जाऊ. तोवर भाकऱ्या थापू नकोस. मध्येच जास्त दुखलं, घाम आला, धाप लागली, तर सोमवारची वाट न पाहता धर्माला सांग आणि दवाखाना गाठ. माझ्यावर रागावलीस तरी चालेल.

चंदर

*

टोकावडे,
३१ डिसेंबर

भावोजी,

तुमच्या पाया पडून सांगते, रागावू नका. ती चिठ्ठी माझी नाय.

त्या दिवशी ढाब्यावर पन्नास माणसांची बस उतरली होती. मला उठता येईना. म्हणून मी काजलला पाठवली. म्हटलं, माझं नाव सांग, वय सत्तेचाळीस सांग. ती म्हणाली, ‘आई, मी सत्तेचाळीसची दिसते का?’ मी म्हटलं, डोक्यावर पदर घे, खाली बघ, नि खोक. उपकेंद्रातली ताई नवीन आहे, आमाला ओळखत नाय. माझा हिशेब असा, की पोर चोवीस वर्षांची, तिचं बीपी चांगलंच येणार. भावोजींचं समाधान होईल आणि मी पण सुटेन.

तुमचं पत्र वाचलं आणि मी पिठाची परात बाजूला सारली. म्हणजे १५८ काजलचं.

मग एकेक आठवायला लागलं. गरोदरपणात तिचे पाय सुजले होते. बीपी चढलं म्हणून बाळंतपणानंतर चार दिवस जास्त ठेवलं होतं. गोळ्या दिल्या होत्या, त्या संपल्या आणि आमी विसरलो. बाळ झालं, पेढे वाटले, आईचं कोण बघतंय? हल्ली डोकं दुखतं म्हणायची, तर मी म्हणायची, मोबाईल बघू नको.

मी तिला म्हटलं, उद्या पयलं उपकेंद्रात जा, खरं नाव सांग. तर पदर खोचून समोर उभी. ‘तुमच्या नावाने मी जाऊन आले. आता माझ्या नावाने मी जाईन, पण आधी तुमच्या नावाने तुमी चला.’ माझ्या ऋतिकची बायको म्हणून आणली तेव्हा गरीब वाटली होती.

शेवटी काल दोघी गेलो. ताईला सगळं खरं सांगितलं. आधी रागावली, मग हसली, मग परत रागावली. काजलचं १५२, माझं १४६. आमी सासू-सुना कुठल्याच गोष्टीत एवढ्या जवळ आलो नव्हतो. ताईने सोमवारच्या मुरबाडसाठी चिठ्ठी दिलीय आणि तुमी लिवलं तसंच, मध्येच जास्त दुखलं तर थांबू नका, असं बजावलंय.

दाढेचं दोनदा वाचलं. भावोजी, तुमचा दोष नाय. दाढ दुखते म्हणून हिरीताईने मला पण सांगितलं होतं. मी तिला म्हटलं, लवंग धर. म्हणजे तुमचं लिंबू आणि माझी लवंग. आता हे दोघांनी मिळून उचलू, म्हणजे एकट्याला जड नाय जाणार.

धर्माला सांगून टाकलं.  त्याने जीपच्या पुढच्या सीटवर गोधडी घडी करून ठेवलीय. सोमवारी ती सीट माझी. तुमी मागे बसा.

गोजर

*

कल्याण,
१७ जानेवारी २०२५

भावोजी,

काल तुमी माझ्या कॉटपाशी चार तास बसलात आणि सहा शब्द बोललात. मी मोजले. म्हणून तुमी गेल्यावर नर्सकडून कागद मागून घेतला.

मला बरं आहे. मुरबाडच्या डॉक्टरांनी ईसीजी बघून कल्याणला पाठवलं तेव्हा मी घाबरले होते, पण तुमचं तोंड बघून मलाच तुमाला धीर द्यावा लागला, त्यात माझी भीती गेली. इथं मला फिरत्या पट्ट्यावर चालवलं. अर्धा कोस चालले असेन, पोचले कुठेच नाय. जबडा दुखायला लागला तसा डॉक्टरांनी लगेच पट्टा थांबवला. म्हणाले, ‘हे दुखणं दाढेचं नाही मावशी, हृदयाचं आहे. जबड्यातून बोलतंय.’ मग मनगटातून नळी घालून बघितलं. एका ठिकाणी वाट पार अरुंद झालेली. तिथं जाळी बसवली. मी सगळं जागेपणी ऐकत होते. ते दोघं डॉक्टर मधेच क्रिकेटचं बोलत होते. मला वाटलं, हे एवढे निवांत आहेत म्हणजे मी जगते.

डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, हृदयाला काय इजा झालेली नाय. झटका यायची वाट बघितली असती तर सांगता आलं नसतं. दाढ कशी आहे म्हणून विचारलं तर म्हणाले, ते दातवाल्याला विचारा. पण चार दिवसांत ती एकदा पण दुखली नाय.

काजलला गोळी चालू झाली. मीठ कमी, सुकट-बोंबील सणापुरतं, लोणच्याची बरणी वरच्या फळीवर. बाळंतपणात बीपी चढलेल्या बाईने पुढे दरवर्षी तपासून घ्यायचं असतं, हे तिला आज कळलं. मला पण. कल्याणच्या डॉक्टरीणबाईंनी तिला कागदावर लिवून दिलंय आणि म्हणाल्या, हे फ्रिजवर चिकटवा. आमच्याकडे फ्रिज नाय, पिठाच्या डब्यावर चिकटवणार.

मशेरी अकरा दिवस लावलेली नाय. सकाळ झालेली कळते. नर्स पाच वाजता सुई टोचते.

तिळगूळ आणलात पण एकच दिलात, बाकी धर्माने खाल्ले. त्याचंही रक्त तपासायला सांगितलंय.

गोजर

*

शेणवा,
२८ जानेवारी

चि. गोजर,

तू घरी पोचलीस हे कळलं. मनस्वीचे सगळे रिपोर्ट आले, व्यवस्थित आहेत. तिने ते मला शाळेत आणून दाखवले. मी कार्यालयात सर्वांना चहा सांगितला. कशाबद्दल हे कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

मी आणखी एक केलं. डॉक्टरांचं बोलणं पुन्हा वर्षभर खिशात ठेवायचं नाही असं ठरवलं आणि गावात सांगायला निघालो. पहिल्या घरी चहा घेतला, पावसापाण्याचं बोललो आणि परत आलो. दुसऱ्या घरी धाऊची आई होती. तिला म्हटलं, चालताना जबडा दुखतो का, चढावर धाप लागते का. ती म्हणाली, ‘चंदर, तुला कोणी सांगितलं?’ तिला शुक्रवारी शहापूरला नेलं. रक्तदाब आहे, शुगर आहे, गोळ्या चालू झाल्या. आता ती रस्त्यात भेटेल त्या बाईला माझ्याकडे पाठवते. काल सहा जणी ओटीवर बसल्या होत्या. मी दाराआड होतो. मनस्वीनेच सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी तुला रोज अर्धा तास चालायला सांगितलं आहे. चालतेस का? खरं कळव. काजलला पाठवू नकोस.

चंदर

*

टोकावडे,
२० फेब्रुवारी

भावोजी,

चालते. पण चालणं एवढं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. पाय नाय दुखत, लोक दुखवतात.

पयल्या दिवशी संध्याकाळी चांगली साडी नेसून माळशेजच्या रस्त्याने निघाले. हातात काय नाय. जो भेटेल तो विचारतो, ‘कुठं निघालीस गो?’ मी म्हणते, कुठं नाय. आता बाई संध्याकाळच्या टायमाला रिकाम्या हाताने चांगली साडी नेसून कुठं नाय चाललीय, म्हणजे काय? भांडून माहेरी चाललीय. अर्ध्या तासात ही बातमी सरळगावच्या जीपस्टँडवर पोचली. धर्मा भरलेली जीप घेऊन माझ्या मागे. पॅसेंजर खिडकीतून बघतायत आणि हा म्हणतोय, ‘चल घरी, माझं चुकलं.’ मी म्हटलं, काय चुकलं? तर त्याने तीन गोष्टी कबूल केल्या. त्यातली एक पण मला ठाऊक नव्हती. भावोजी, डॉक्टरांचं औषध भारी आहे.

दुसऱ्या दिवशी सकुबाईने तोड काढली. म्हणाली, डोक्यावर कळशी घे, कोण विचारत नाय. घेतली, रिकामी. खरंच कोणी विचारलं नाय. काजल आली, बाळाला कडेवर घेऊन. सकुबाई आली, मग तिच्या दोन जावा. आता आमी पाच जणी पाच रिकाम्या कळशा घेऊन जातो आणि रिकाम्याच घेऊन येतो. पण विहीर आहे उलट्या बाजूला. लोकांना वाटलं, त्या बाजूला कुठंतरी पाणी लागलंय आणि आमी कोणाला सांगत नाय. परवा तीन बायका गुपचूप आमच्या मागून चालत आल्या, पार टेकडीच्या पायथ्यापर्यंत. तिथं पाणी नाय बघून भांडायलाच उठल्या. मी त्यांना खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. अगदी लवंगेपासून सांगितलं. हिरीताईचं नाव घेऊन सांगितलं.  मग त्यातली एक म्हणाली, ‘मला पण पाठीत दुखतं गो, शेतावर जाताना.’ सोमवारी तिला मुरबाडला नेतेय.

आता आठ जणी झालो. पण आठ रिकाम्या कळशा बघून शाळेतली पोरं हसतात. काजल म्हणते, आई, कळशा टाकून द्या, ताठ चाला. मला अजून जमत नाय. हात रिकामे असले की काय चुकतंय असं वाटतं. तुमी शिकलेले आहात. कोणी विचारलं, कुठं निघालीस, तर काय उत्तर द्यायचं ते लिवून पाठवा.

गोजर

*

शेणवा,
२६ फेब्रुवारी

चि. गोजर,

तुझं पत्र जेवताना वाचायला घेतलं आणि मला हसू आवरेना. मनस्वी बाहेर धावत आली. तिला वाटलं मला ठसका लागला. मग तिने वाचलं आणि आम्ही दोघं बराच वेळ हसत होतो. भात गार झाला.

रिकाम्या हातांचं मी खूप वेळ आठवून पाहिलं. हिरी माझ्या घरी सत्तावीस वर्षं होती. तिला काहीही न घेता चालताना मी पाहिलं, ते एकदाच. शहापूरला दाढ काढून आलो तेव्हा. त्या दिवशीही पिशवी माझ्या हातात होती, कारण तिने गाल धरला होता. मी तिला कधी म्हटलं नाही, की नुसती चल. आता तुला म्हणतो.

कळशी घरी ठेव. काजललाही सांग, बाळाला अर्धा तास धर्माकडे देत जा. नुसत्या चाला.

कोणी विचारलं, कुठं निघालीस, तर घाबरू नकोस. उत्तर सोपं आहे. जिथून निघालीस तिथेच तर जायचं आहे. सांग, घरी.

तुझा भावोजी,
चंदर